या वर्षी डबा गेला नाही

महबूबभाई होडेकरांच्या स्टोअरमध्ये कोणतीही वस्तू कधी अचानक संपत नसे. कुवेतमधल्या मीना अल-अहमदीच्या रिफायनरीचे पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर होते. प्रत्येक खणाला एक कार्ड लटकलेलं. त्यावर आलेला माल, गेलेला माल, शिल्लक, आणि एका आकड्याखाली तांबड्या शाईची रेघ. शिल्लक त्या रेघेला टेकली की नवी मागणी लिहायची, मग त्या आठवड्यात ती वस्तू कोणी मागो न मागो. हाताखालचा जगन्नाथ म्हणायचा, "महबूबभाई, तुमच्या घरी मीठसुद्धा तांबड्या रेघेवर येत असणार."

अशा माणसाने स्वतःच्या मुलाच्या बाबतीत रेघ ओलांडू दिली.

झालं ते असं. कुवेतमध्ये बापाच्या व्हिशावर राहणारा मुलगा एकवीस वर्षांचा झाला की त्या व्हिशाचं नूतनीकरण होत नाही. मुलगी असेल तर लग्नापर्यंत राहू शकते. मुलगा शिकत असेल तर सवलत मिळते. महबूबभाईंचा सगळा भरवसा या सवलतीवर होता. फैजानला त्यांनी इंडियातल्या एका विद्यापीठात घरबसल्या बी.कॉम.ला घातलं होतं. इथे ओळखीपाळखीतल्या निम्म्या घरांतली मुलं अशीच शिकत होती. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाचं शिक्क्याचं पत्र घेऊन ते सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईने पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"हे कॉलेज कुठे?"

"इंडियात."

"आणि मुलगा?"

"इथे."

"मग तो शिकतो कुठे?"

महबूबभाईंनी पत्रावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. बाईने पत्र काचेखालून परत सरकवलं. फैजानचा व्हिसा वीस डिसेंबरला संपत होता. घरी येऊन त्यांनी अठरा तारखेचं मुंबईचं तिकीट काढलं, एका बाजूचं.

फैजानने तिकीट पाहिलं आणि "ओके, अब्बा," एवढंच म्हणाला. तो इथेच, कुवेतच्या फहाहीलमध्ये वाढला होता. बापाचा गाव, जयगडच्या खाडीवरचा, त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा वेळा पाहिला होता. तिथली मुलं त्याला कुवेती म्हणून चिडवायची.

आता खऱ्या कुवेतीची गोष्ट सांगायला हवी.

कंपनीचा मॅनेजर बू फहद. कुवेती लोक माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. 'बू' म्हणजे बाप. एकवीस वर्षांपूर्वी एकाच सरकारी इस्पितळात, दोन दिवसांच्या अंतराने, फहद जन्मला आणि फैजान जन्मला. दोन्ही बाप व्हरांड्यात एकाच बाकावर बसून होते, एक पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, एक कंपनीच्या निळ्या डांगरीत. एकाला बातमी मिळाली तेव्हा दुसऱ्याने चहा आणला. तेव्हापासून साहेब महबूबभाईंना बू फैजान म्हणू लागला. जगन्नाथच्या मुलाचं नाव बाळा. त्यामुळे कंपनीभर तो बू बाळा झाला होता आणि त्या नावावर मनापासून खूश होता.

फहदच्या पहिल्या वाढदिवसाला हफिजाने, म्हणजे महबूबभाईंच्या बायकोने, साहेबाकडे घावन आणि नारळाचा गोड रस पाठवला. साहेबाच्या आईला तो इतका आवडला की दर वर्षी बारा नोव्हेंबरला स्टीलचा डबा जाणार हे ठरूनच गेलं. डबा कधी रिकामा परत आला नाही, खजूर भरूनच आला.

ही दोन मुलं डोळ्यांसमोर वाढत असल्यामुळे महबूबभाईंच्या मनात त्या दोघांची कार्डंही शेजारीशेजारी लटकलेली असत. लसीच्या रांगेपर्यंत दोघं बरोबर होते. पुढे फहद सरकारी शाळेत गेला, फुकट. फैजान इंडियन शाळेत गेला, आणि त्या फीपायी हफिजाने घरी बसून पंधरा वर्षं लोकांचे कपडे शिवले. अठराव्या वर्षी फहदला लायसन आणि गाडी मिळाली. फैजान बसने फिरला. फहदला कॉलेजात जायचा सरकारी भत्ता सुरू झाला, आणि पुढच्या सरकारी नोकरीच्या यादीत नाव लागणार हेही ठरलेलं. दोघांचे जन्मदाखले एकाच छापखान्यातले, फरक फक्त राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात. महबूबभाई ही तुलना रागाने करत नसत. आपल्या देशात आपल्या मुलाच्या पानात आधी वाढावं, हे त्यांना पटत होतं. फक्त फैजान कोणत्या देशात पहिला, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

जगन्नाथ म्हणाला, "माझ्या बाळ्याचं बरं आहे. तो संगमेश्वरलाच वाढला. त्याला कुठलं सरकार घालवणार आणि कुठे?"

"आणि तुला त्याने किती दिवस पाहिलंय, जगन्नाथ?"

"मोजलंय मी. बावीस महिने," जगन्नाथ म्हणाला आणि कार्डं तपासायला लागला.

त्याच सुमारास वार्षिक मनुष्यबळाचा फॉर्म आला. दर वर्षी महबूबभाई त्यावर एक जादा माणूस मागायचे. दर वर्षी वरून नकार यायचा. या वर्षी पेन हातात घेतल्यावर ते थबकले. माणूस मंजूर झाला आणि नोकरीचा व्हिसा मिळावा म्हणून फैजानने त्या जागेला अर्ज केला, तर लोक काय म्हणतील? होडेकरने मुलासाठी जागा काढली. सत्तावीस वर्षांत एक वॉशर इकडचा तिकडे झाला नव्हता. त्यांनी रकान्यात शून्य लिहिलं आणि सही केली.

अकरा नोव्हेंबरला हफिजाने विचारलं, "तांदूळ भिजवू ना?"

"नको. या वर्षी डबा नको."

"का?"

"फैजानचं असं झालंय. आता डबा घेऊन गेलो तर ते मागणं वाटेल."

हफिजाने कमरेवर हात ठेवले. "वीस वर्षं नेताय. तेव्हा काय मागत होता?"

"तेव्हा काही मागायचं नव्हतं."

"आणि आता आहे, तर नेणार नाही. असला हिशेब मी कुठे बघितला नाही बाई."

पण तिने तांदूळ भिजवले नाहीत. बारा तारीख गेली. साहेबाने सकाळी स्टोअरमध्ये डोकावून सलाम केला, टेबलाकडे पाहिलं, थोडा घुटमळला आणि गेला. तेरा तारखेला तो आलाच नाही.

चौदाला शुक्रवार होता. दुपारच्या नमाजानंतर दाराची बेल वाजली. दारात साहेब, मागे फहद गाडीची किल्ली बोटावर फिरवत. सत्तावीस वर्षांत साहेबाने या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. महबूबभाई लुंगीवर होते. त्यांनी दिवाणावरची इस्त्रीची कापडं उचलली, ठेवायला जागा मिळेना म्हणून हातातच धरली.

"बू फैजान," साहेब बसायच्या आधीच म्हणाला, "मी काय केलं?"

"तुम्ही? काही नाही, साहेब."

"माझी आई दोन दिवस विचारतेय. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. म्हणते, त्या हिंदी माणसाच्या घरी कोणी वारलं का, जाऊन बघ. वारलं नसेल तर तू त्याला काहीतरी बोलला असशील, माफी माग." त्याची हिंदी तुटकी होती, पण वीस वर्षांच्या सरावाने चोख पोचायची. "सांग. कशाची माफी मागू?"

साहेबाने खिशातून घडी केलेला कागद काढला. मनुष्यबळाचा फॉर्म.

"आणि हे. वीस वर्षं तू मला एक माणूस दे, एक माणूस दे म्हणतोस. या वर्षी शून्य. शून्य लिहिणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर नोकरी सोडून चाललेला असतो. मी हा वर पाठवलाच नाही."

हफिजा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मग सरळ पाहुण्याला म्हणाली, "मुलगा चाललाय, साहेब. एकवीस पूर्ण झाले. अठरा डिसेंबरचं तिकीट आहे."

फहदच्या बोटावरची किल्ली थांबली. "फैजान जातोय? कुठे?"

"इंडिया," आतल्या खोलीतून बाहेर येत फैजान म्हणाला.

"बट यू आर फ्रॉम हिअर."

"खिडकीवरच्या बाईला सांग."

साहेब दिवाणावर बसला. मग म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं. वीस वर्षं तुझ्या रजेवर सह्या करतोय. माझ्या मुलाच्या वयाचा तुझा मुलगा, आणि मला वाटत होतं, इथे जन्मला म्हणजे इथलाच." कपाळावर हात मारून तो पुढे म्हणाला, "तुझ्याकडे मुलगा आहे, कागद नाही. माझ्याकडे सगळे कागद आहेत आणि मुलगा सकाळी अकराला उठतो."

"यूबा!" फहद बापावर ओरडला.

"खोटं? पहिलं वर्ष दोनदा केलंस. इंग्लिशचा पेपर कोणी शिकवला तुला?"

फहदने फैजानकडे मान वळवली. फैजानने चहाच्या कपात पाहिलं. गाडीत बसून दोन महिने ही शिकवणी चालली होती, हे दोन्ही बापांना आज कळत होतं.

साहेबाने कागद महबूबभाईंपुढे धरला. "शून्य खोड. एक लिही."

"नाही, साहेब. लोक म्हणतील—"

"लोक रोज म्हणतात, होडेकर दोन माणसांत स्टोअर चालवून बू बाळाची पाठ मोडतो. बू बाळा स्वतः म्हणतो. तुला माणूस लागतो की नाही, एवढंच सांग. खरं."

महबूबभाईंनी खरं काय ते आठवलं. जादा पाळीचा माल अजून उघड्यावर उतरत होता. तीन वर्षं मोजणी वेळेवर झाली नव्हती.

"लागतो," ते म्हणाले.

"मग शून्य हे खोटं होतं. तुझ्या स्टोअरमधलं पहिलं खोटं." साहेब उठला. "जागा द्यायची की नाही हे वरचे ठरवतील. कोणाला द्यायची हे मुलाखत ठरवेल. त्या खोलीत ना तू असशील, ना मी. आणि डबा आणल्याशिवाय माझ्या केबिनमध्ये येऊ नकोस."

महबूबभाईंनी शून्यावर रेघ मारली, शेजारी एक लिहिला आणि खोडाखोडीवर नियमाप्रमाणे आद्याक्षरं टाकली.

जागा मंजूर झाली. या वर्षी का झाली, हे कोणी सांगितलं नाही. रिफायनरीचं काम वाढलं होतं, एवढं खरं. नऊ जण आले. मुलाखत हेड ऑफिसमधल्या एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, आणि एका केरळी इंजिनियरने घेतली. जगन्नाथ पाणी द्यायच्या निमित्ताने तीनदा आत जाऊन आला आणि बातमी घेऊन धावत स्टोअरला आला.

"महबूबभाई, मध्येच सुलैबियाच्या सप्लायरचा फोन आला, माल अडकला म्हणून. मिसरीने फोन पोराच्या हातात दिला, म्हणे बोल. पोरगा अरबीत असा बोलला, असा बोलला! पलीकडचा विचारतो, हा कोण कुवेती ठेवलाय तुम्ही?"

"मग?"

"मग मिसरी हसायला लागला. आणि व्हॉल्व्हचे आठ प्रकार विचारले, त्याला सात आले."

"आठवा कोणता राहिला?"

"असूद्या हो महबूबभाई, सात खूप झाले!"

फैजानची निवड झाली. त्याला जगन्नाथच्या पाळीत घालायचं ठरलं, बापाच्या नाही. आता उरला व्हिसा. अवलंबिताचा व्हिसा कामाच्या व्हिशात बदलायची मुभा तेव्हा चालू होती, पण अशी मुभा कधी बंद होईल याचा नेम नसतो. कंपनीचा मंदूब, सरकारी कामं करणारा माणूस, फाइल घेऊन गेला. दहा दिवस काहीच नाही. हफिजाने फैजानची बॅग भरायला घेतली. गावी महबूबभाईंची बहीण आमिना होती. तिने माडीवरची खोली झाडून, चुना लावून ठेवल्याचा फोटो पाठवला.

आठ डिसेंबरला जेवणाच्या सुट्टीत फैजान स्टोअरच्या दारात आला. त्याने मोबाईल बापापुढे धरला. सरकारी अ‍ॅपमध्ये हिरव्या पट्टीत त्याचं नाव होतं, खाली कंपनीचं, खाली मुदत. दोन वर्षं.

महबूबभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव वाचलं. पासपोर्टचा नंबर पाठ होता, तो एकेक आकडा ताडून पाहिला. मग गास्केटच्या एका खोक्यावर बसले. ऑक्टोबरपासून खांद्यावर बसलेलं काहीतरी उतरलं. दोन वर्षांनी पुन्हा हेच करायचं होतं, हे त्यांना माहीत होतं. पण दोन वर्षं म्हणजे रेघेच्या खूप वर.

"माल आला का, महबूबभाई?" जगन्नाथने फडताळामागून विचारलं.

"आला."

"तपासून घ्या. परत करता येत नाही."

फैजान हसला, आणि महबूबभाईही. त्या हसण्यात डोळ्यांतलं पाणी खपून गेलं.

संध्याकाळी हफिजाने तांदूळ भिजत घातले. सकाळी घावन काढताना पहिला तव्याला चिकटला. तो तुकड्यातुकड्यांनी फैजानने उभ्याउभ्याच खाल्ला. डबा जवळजवळ महिनाभर उशिरा गेला. दुपारी तो परत आला तेव्हा खजुरांवर साहेबाच्या आईचा निरोप होता: उशीर झाला ते माफ, पण रस कमी होता.

रस पुरेसा होता. म्हातारीला पुन्हा हवा होता, हे हफिजाला कळलं. तिने गावी फोन लावला.

"आमिनाबी, फैजानचं झालं. तो नाही येत."

पलीकडून आधी अल्लाचं नाव आलं, मग रडणं, मग हसणं, आणि मग तक्रार. "अगो, मग त्या खोलीचं काय करू? चुना लावलाय. गादी पिंजून आणलीय."

हफिजाने महबूबभाईंकडे पाहिलं. त्यांचा साठावा जवळ आला होता. त्यांनी फोन हातात घेतला.

"असूदे तशीच," ते म्हणाले. "पोराचा पाय इथे टेकला. आता आम्ही दोघं येऊ. गादी मात्र एक कमी पडेल, दुसरी आत्ताच पिंजायला सांगून ठेव."