कवळीवाल्याची टॉफी

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तीस वर्षं कवळ्या बनवणारा माणूस दरवर्षी घरी चिकट टॉफी करून लोकांना वाटतो, यावर जे विनोद व्हायचे ते कधीच होऊन गेले होते. डॉक्टर म्हणायचे, गिऱ्हाईक तयार करायची युक्ती बरी शोधलीत. कवळीवाला हसून सोडून द्यायचा. तोंड आहे म्हणून लोक बोलणारच, आणि त्यातली निम्मी तोंडं तर त्यानेच बसवलेली.

शेजारपाजारचे डबे नावापुरतेच असायचे. सगळा खटाटोप चालायचा तो थोरल्या बहिणीच्या एका डब्यासाठी.

सहा वर्षांपूर्वी आई शेवटच्या आजारात होती. तिचे हाल बघवेनात, तेव्हा त्याने ‘आता नळ्या काढा’ म्हणून सांगितलं आणि ताईला विचारलं नाही. ती येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तिचा अबोला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण तिच्या तोंडात कवळी भावाच्याच हातची होती. दुसऱ्या कुणाची तिला बसेना. त्याची टॉफी चावली की ती कवळी हलायला लागायची आणि मग ताईला यावंच लागायचं. ती खुर्चीत बसायची, कवळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि ‘आ’ करायची. कुठे दुखतंय असं त्याने विचारलं की बोटाने दाखवायची. पंधरा-वीस मिनिटं काय ती. बोलायची नाही, पण उघड्या तोंडाने कोण बोलतं? तेवढा वेळ आपल्यात काही बिनसलेलंच नाही, अशी त्याला स्वतःची समजूत घालता यायची. वर्षभर तो त्या वीस मिनिटांवर काढायचा.

यंदा त्याने साखर, दूध, लोणी आटवलं आणि थेंब वाटीतल्या गार पाण्यात सोडून पाहिला. बोटांत छान मऊ गोळी वळली. पातेलं तिथेच उतरवायला हवं होतं. त्याने मुद्दाम आणखी चार मिनिटं आच दिली. चांगली दातांना धरू दे, म्हणजे ताई लवकर येईल. या विचाराची त्याला लाजही वाटली, पण आच काही त्याने कमी केली नाही. वड्या कापून, बटरपेपरात गुंडाळून डबा भाचीकडे दिला.

रोज संध्याकाळी तो खुर्ची पुसून ठेवू लागला. तीन आठवड्यांनी भाची एकटीच आली आणि तिने एक छोटी डबी त्याच्या हातात दिली. आत कवळी होती.

“सैल झाली का गं?”

“नाही मामा. आई आता लावतच नाही. टोचते म्हणते.”

“मग टॉफी कशी खाते?”

भाचीला हसू आलं. ताई म्हणे टॉफी गरम दुधात भिजवते आणि गालात धरून तासभर चघळत बसते. दातांवाचून काही अडत नाही. “म्हणाली, देऊन टाक ही परत. तिथे जायची कटकट संपली एकदाची.”

तो म्हणाला की टोचतं तेवढं घासून देतो, दोन मिनिटांचं काम, तिला फक्त घेऊन ये. भाचीने मान खाली घातली. “मी म्हटलं होतं तिला. नको म्हणाली.”

निघताना ती दारात थांबली. “मामा, पुढच्या वेळी थोडी जास्त कराल? डबा लगेच संपतो.”

“करीन,” तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने कवळी दिव्याखाली धरली. टोचणारी जागा लगेच सापडली, उजवीकडे अगदी मागे. त्याने ती घासली, पॉलिश केली, बोट फिरवून पुन्हा पुन्हा पाहिली. मग डबीवर ताईचं नाव लिहिलं आणि कपाटाचा खालचा खण उघडला. ज्या कवळ्या न्यायला कुणी येत नाही, त्या तो तिथे ठेवत असे.