निघताना विचारायचं नाही

फुलंब्रीच्या अलीकडं रस्त्याला लागून सखूबाईची वस्ती आहे. घरात नवरा पुंजाराम, तीसेक मेंढरं आणि भिंतीवर वर्दीतल्या अंगदचा, तिच्या एकुलत्या लेकाचा, फोटो. अंगद शत्रूच्या गोळीनं गेला नाही. सहा वर्षांपूर्वी रजा संपवून तो परत गेला आणि बाविसाव्या दिवशी त्यानं जीव दिला. म्हणून गावानं ना कमान उभारली, ना चौकाला नाव दिलं. एरवी या गावाची तोंडं दिवसभर चालतात. अंगदचं नाव निघालं की सगळे मिठाची गुळणी धरतात.

मेंढरं राखणाऱ्या त्यांच्या समाजात एक रीत आहे. पोरगा फौजेत निघाला की घरच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी त्याच्या सामानावर बांधायची. रजेवर येताना तो ती आणतो, जाताना घेऊन जातो. आणि निघायच्या घडीला त्याच्यासमोर रडायचं नाही, वाईटसाईट काही विचारायचं नाही. अपशकुन होतो म्हणे.

शेवटच्या रजेवरून निघताना अंगदनं घोंगडी सोडून आईच्या हातात दिली होती. "राहू दे आये, मला आता लागायची नाय." 'का रं?' सखूबाईच्या ओठांवर आलं होतं. पण गुलाल उधळला होता, जीप सुरू होती. तिनं शब्द गिळला.

पुढं नात्यातला जो तो तिची समजूत घालायचा, "तू विचारलं असतंस तरी त्यानं सांगितलं नसतं. फौजी गडी, तोंड उघडतो व्हय?" या एका वाक्यावर सखूबाईनं सहा वर्षं काढली.

यंदा शेजारच्या रत्नमालेचा फौजी लेक हनुमान महिनाभराच्या रजेवर आला. ताटावर बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा. कुणी हाक मारली तर दचकायचा. "दमलंय लेकरू," रत्नमाला म्हणायची. लोक त्याला सरहद्दीच्या गोष्टी विचारत आणि फोटो काढून घेत. तू कसा आहेस, एवढं मात्र कुणाला सुचलं नाही.

निघायच्या दिवशी मारुतीच्या पारापाशी जीप लागली, ढोल वाजू लागला. हनुमाननं सामानावरची घोंगडी सोडली आणि आईच्या खांद्यावर टाकली. "तुलाच राहू दे. मला लागायची नाय."

"बघा, किती माया!" रत्नमाला हरखून गेली.

सखूबाई गर्दीतून पुढं घुसली आणि जीपचं दार धरून उभी राहिली. "हनुमान, खरं सांग. जीव द्यायचं मनात येतंय का तुझ्या?"

ढोल थांबला. रत्नमाला अंगावरच आली, "निघायच्या टायमाला काय वंगाळ बोलती गं? तुझं गेलं म्हणून माझ्याबी लेकराला नजर लावती?"

"मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, रत्ने. पण त्याला बोलू दे."

हनुमानचा गुलालानं माखलेला चेहरा वेडावाकडा झाला.

"व्हय, मावशी," तो म्हणाला. "लई दिवसांपासून." आणि जीपच्या पायरीवर बसून तो हमसून हमसून रडू लागला.

जीप स्टेशनावर गेली नाही, शहरातल्या छावणीच्या लष्करी दवाखान्यात गेली. दोन्ही बायांनी त्याला मधे बसवलं होतं. वाटेत त्यानं आपल्या सुभेदाराला फोन लावला. शिव्या बसतील असा त्याला धाक होता. पलीकडून आवाज आला, "पहले ठीक हो जा बेटा, बाकी मैं देखता हूँ." डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं. रत्नमाला सखूबाईच्या गळ्यात पडून रडली.

दिवेलागणीला सखूबाई घरी आली. पुंजाराम मेंढरं कोंडत होता. सगळी हकिकत त्यानं ऐकून घेतली.

"विचारल्याबरोबर सांगितलं त्यानं?"

"विचारल्याबरोबर."

पुंजारामनं वाड्याचं फाटक लावलं.

"म्हंजे," तो म्हणाला, "आपला बी बोलला असता."