बॅटरी सुटलेल्या व्हॅनमधला उजेड

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. ब्रह्मपुरीजवळच्या एका शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. चकवा, करणी, अंगात येणं... वर्गात या सगळ्याची खिल्ली उडवायचो. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी आधी कारण शोधतो आणि बहुतेक वेळा ते सापडतं. माझ्या स्वतःच्या या एका अनुभवाचं मात्र सापडलेलं नाही. शिवाय त्या संध्याकाळी मी एक खोटं बोललो होतो. आता पंच्याहत्तर वय झालं. ते आधी नीट करायचं आहे.

२००८-०९ चा हिवाळा असेल. नुकताच निवृत्त होऊन मी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली होती. त्या दिवसांत गाडीच्या आत एलईडी पट्ट्या लावायची नवी हौस आली होती. मीही नागपूरहून पाच मीटरची निळी पट्टी आणली — मागे चिकटपट्टी असलेली, छताच्या कडेने फिरवायची.

बसस्टँडजवळ रशीदभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. ब्रह्मपुरीच्या सगळ्या काळीपिवळी जीपा त्यांच्याकडेच यायच्या. त्यांची एक पद्धत होती. वायरच्या जोडावर टेप लावला की वरून पांढरा दोरा घट्ट गुंडाळून दोन गाठी मारायच्या, म्हणजे उन्हाळ्यात टेप सुटत नाही. दोरा दिसला की ड्रायव्हर ओळखायचे, हे काम रशीदभाईंचं.

पट्टी बघून ते म्हणाले, "गाडी आना गुरुजी, अर्ध्या घंट्यात लावून देतो."

"अहो, मी पोरांना सर्किट शिकवलंय," मी म्हणालो.

ते हसले. "मंग तं मलेच शिकवा. पन बॅटरीपाशी फ्यूज टाका जी. आन वायर सीटखालून नका नेऊ. सीट सरकते, वायर कापते."

मी एका दुपारी अंगणात बसून काम उरकलं. घरात फ्यूज नव्हता... एवढ्याशा पट्टीला काय करंट लागतो, म्हणून टाकला नाही. आणि वायर सीटखालूनच नेली, जवळ पडते म्हणून. पट्टी लागली तेव्हा शेजारी म्हणाले, "काय गुरुजी, वरात काढता का या वयात?" मला फार बरं वाटलं.

दहा-बारा दिवसांनी मी आणि बायको गडचिरोलीला तिच्या भावाकडे निघालो. आरमोरी मागे पडली, सागवान सुरू झालं. दिवस मावळत होता. मी सीट जरा मागे सरकवली, आणि थोड्याच वेळात ही म्हणाली, "अवो, जळल्याचा वास येऊन राह्यला."

सीटखालून धूर निघत होता. मी गाडी थांबवेपर्यंत हिने घाबरून ती तापलेली वायरच हाताने ओढली. तळवा भाजला. मी बॅटरीचं टर्मिनल उपसून काढलं. सगळं बंद झालं.

तेवढ्यात समोरून ब्रह्मपुरीकडे जाणारी जीप आली. माणसांनी खच्चून भरलेली. त्यात माझ्या दोन विद्यार्थ्यांचे वडील होते.

"अजी गुरुजी, काय झालं जी?" ड्रायव्हरने विचारलं. मग आत डोकावून म्हणाला, "कोनं केलं होतं हे फिटिंग?"

सगळे माझ्याकडे बघत होते. विज्ञानाचे गुरुजी.

"रशीदनं," मी म्हणालो.

"थांबा, त्यालेच पाठवतो. चांगला झाडतो त्याले स्टँडवर!" जीप निघून गेली.

बायको म्हणाली, "खोटं काऊन बोल्ले?"

मी टर्मिनलवरची काजळी पुसू लागलो. आणि त्याच वेळी पट्टी लागली.

टर्मिनल माझ्या हातात होतं. वायर मध्येच जळून तुटलेली. तरी छताच्या कडेने उजेड हळूहळू चढत गेला, कोणी फुंकर घालून निखारा फुलवावा तसा. पट्टी निळी होती, पण उजेड निळा नव्हता. मोहफुलासारखा फिका पिवळट होता. रस्त्याकडेच्या तळ्यावरून धुकं येत होतं आणि ते व्हॅनच्या दाराशी येऊन थांबल्यासारखं वाटत होतं. सागाची वाळकी पानं एकेक करून गळत होती, पण त्यांचा आवाज येत नव्हता. भीती अजिबात वाटली नाही, हेच मला आजही विचित्र वाटतं. ही हात उजेडाकडे धरून बसली. "आता आग होऊन नाई राह्यली," एवढंच म्हणाली. आम्ही तसेच बसून राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही.

रशीदभाई लूनावर आले. स्टँडवर त्यांना चारचौघांत शिव्या बसल्या होत्या, ते चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी आधी हिच्या हाताला मलम लावलं. मग वाकून जळलेली वायर उचलली आणि माझ्या जोडावरून अंगठा फिरवला. नुसता टेप. दोरा नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान वळवली.

मग त्यांनी वर बघितलं. "हे बत्ती करंट कुठून घेऊन राह्यली, गुरुजी?"

त्यांनी टेस्ट लॅम्प लावून पाहिला, लागला नाही. कटरने पट्टीच्या दोन्ही वायरी मुळाशी कापल्या. उजेड तसाच. त्यांनी एकदा पट्टीकडे बघितलं, मग त्याच उजेडात बसून गाडीची जळलेली वायरिंग बदलली, फ्यूज टाकला, दोरे बांधले. शेवटी टर्मिनल बसवलं, आणि पट्टी विझत विझत गेली. पुढे मी ती वेगळ्या बॅटरीवर लावून पाहिली. ती कधीच लागली नाही.

रशीदने गुरुजींची गाडी जाळली, ही गोष्ट मात्र स्टँडवर पसरली ती पसरलीच. जीपवाले दुसरीकडे जाऊ लागले. त्या उन्हाळ्यात रशीदभाई दुकान बंद करून चंद्रपूरला गेले. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. नाही बोललो.

मागच्या महिन्यात त्यांना शोधत चंद्रपूरला गेलो. त्यांची दृष्टी अधू झाली आहे, आता मुलगा दुकान बघतो. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मले काऊन सांगता, गुरुजी? मले तं तवाच मालूम होतं. ज्यायले मालूम नाई, त्यायले सांगा ना."

मी उजेडाचं विचारलं. ते म्हणाले, "मले काम करू देल्लं त्यानं. बाकी अल्ला जाने."

परत येऊन स्टँडवर गेलो. त्या वेळचे ड्रायव्हर कोणी उरले नाहीत. नवी पोरं "हो का आबा" म्हणाली आणि सवारी भरायला लागली.

म्हणून इथे लिहितोय. त्या काळी ब्रह्मपुरी स्टँडवर जीप चालवणारं किंवा त्यांच्या घरचं कोणी हे वाचत असेल, तर कृपा करून बाकीच्यांना सांगा. गुरुजींच्या व्हॅनमधलं फिटिंग गुरुजींनीच केलं होतं, फ्यूज न टाकता. रशीदभाईंनी त्या गाडीला पहिल्यांदा हात लावला तो ती जळाल्यानंतर.

उजेडाचं विचाराल तर... मला अजूनही काही सांगता येत नाही.