मोजणीबाई

‘मी सिव्हिल सोसायटी मोजते,’ इथे परदेशात, ॲथलोनमध्ये, आमच्या नव्या शेजारीणबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, आणि मी पुणेरी आत्मविश्वासाने विचारलं, ‘किती फ्लॅट्सची आहे?’ सोसायटी म्हटलं की माझ्या डोक्यात पाण्याची टाकी आणि पार्किंगची भांडणंच येतात. बाई मूळच्या मलावीच्या, इथल्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुमच्यात भांडणं कोण मिटवतं? तेही मोजायला हवं.’ तेव्हापासून आमच्या घरात त्या मोजणीबाई.

सिव्हिल सोसायटी म्हणजे लोकांनी आपणहून एकत्र येऊन केलेली कामं. नोंदणी झालेल्या संस्था मोजायच्या आणि त्यावरून समाज कितपत जागा आहे ते ठरवायचं, या रीतीवर त्यांचा राग. ‘माझ्या गावात मयत झालं की बायका मक्याचं पीठ आणि सरपण घेऊन दारात येतात. त्यांची कुठे नोंद नाही, म्हणून जगाच्या तक्त्यात आम्ही तळाला.’ त्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता: तुमच्या घरी कुणी गेलं, तर न बोलावता कोण येईल?

मला विचारला, तेव्हा मी भाऊ, साडू, चुलतभाऊ अशी यादी सुरू केली. ‘इथे,’ त्या म्हणाल्या. ‘ॲथलोनमध्ये.’ मी कुंपणाचा रंग कसा टिकलाय यावर बोलू लागलो.

एकवीसच्या हिवाळ्यात, करोनामुळे सगळं बंद असताना, बाईंची आई गेली. जाणं शक्यच नव्हतं. अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला, एकटीने. आमच्या बायकोने पिठलं-भात केला आणि पातेलं माझ्या हातात दिलं.

‘अगं, कुणाच्या घरात जायची परवानगी नाहीये.’

‘दाराशी जा. आत कोण बोलावतंय तुला?’

पातेलं पायरीवर ठेवलं, बेल वाजवली आणि फाटकापर्यंत मागे सरकून मी पार्सलवाल्यासारखा उभा राहिलो. बाईंनी दार उघडलं, वाकून झाकण काढलं.

‘तुम्हाला कुणी पाठवलं?’

‘कुणी नाही. आमच्याकडे अशा घरी चूल पेटत नाही, म्हणून.’

‘मग हे मोजते,’ म्हणाल्या, आणि पायरीवरच बसून रडल्या. मला जवळ जाता येईना, परतही फिरता येईना.

उन्हाळ्यात काम संपवून त्या मायदेशी निघाल्या. त्या सकाळी आमचं पातेलं दाराशी आलं होतं, काठोकाठ मक्याचं पीठ भरून. त्यांना सोडायला आम्ही बसस्थानकावर गेलो, बस सुटेपर्यंत हात हलवत होतो. परत आमच्या गाडीत बसल्यावर मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, ‘चला, आता कुंपणापाशी परीक्षा नाही.’

बायकोने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, ‘न बोलावता कोण येईल, या तिच्या प्रश्नाला आपल्याकडे एकच नाव होतं रे. तेच आत्ता बसमध्ये बसलं.’