अंगठ्याएवढा गोळा

मालतीबाई शिर्के यांच्याशी माझी ओळख झाली ती रुसव्यातून. मी नववीत असताना त्या बुरोंडीच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या. मेंदूचा धडा निघाला तेव्हा त्यांनी शाळेमागची तांबडी माती आमच्याकडून भिजवून घेतली, मेंदू घडवून घेतला आणि त्याचा एकेक भाग एकेकाच्या नावावर केला. ज्याचा भाग, त्याने वर्षभर त्याची उत्तरे द्यायची. विचार करणारे, बोलणारे, आठवणी जपणारे मोठे प्रमस्तिष्क पुढच्या बाकांनी पटकावले. तोल सांभाळणारे अनुमस्तिष्क मच्छीमारांच्या मुलांनी आनंदाने घेतले. हलत्या होडीत काही न धरता उभे राहायचे तर तेच लागते. माझ्या वाट्याला मस्तिष्कपुच्छ आले, अंगठ्याएवढा गोळा. मी मुळात हट्टी, घ्यायलाच तयार होईना.

बाई शांतपणे म्हणाल्या, “रेहाना, श्वास आणि हृदयाचे ठोके याच्याकडे आहेत. आपण झोपलो तरी हा जागा असतो. याला विसरून चालत नाही.”

मी गोळा घेतला.

बाईंचा सच्चेपणाही आम्ही तिथेच पाहिला. आठवणी मेंदूत एकाच जागी पेटीत ठेवल्यासारख्या असतात, असे त्या एकदा सांगून गेल्या. पुढच्या आठवड्यात वर्गात येताच म्हणाल्या की मी चुकीचे सांगितले, वह्या काढा आणि खोडा. शिक्षक चूक कबूल करतात हे आम्हाला नवीनच होते.

दहावीत असताना माझ्या अब्बांना पक्षाघाताचा झटका आला. ते होडीचे तांडेल, सगळ्या खलाशांवर आवाज चढवणारे. उजवे अंग लुळे पडले आणि बोलणे गेले. इस्पितळातून घरी आल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. साधे पाणी मागता येत नव्हते, पण जेवणाआधीची दुआ मात्र तोंडून सरळ बाहेर पडायची. चाचांना वाटले, भाऊ मुद्दाम अबोला धरून बसलाय. होडी आता चाचा चालवत होते, त्याचाच राग असणार. मग अब्बांच्या खाटेशेजारी बसूनच, ते तिथे नाहीतच अशा रीतीने, चाचांनी ठरवून टाकले की रेहानाने शाळा सोडून बापाची सेवा करावी. दुसऱ्या दिवसापासून मी घरीच राहिले.

शाळेत चार दिवस दिसले नाही म्हणून बाई चालत घरी आल्या. सगळे ऐकून घेतले आणि चाचांना समजावले, की बोलणे घडवणारा प्रमस्तिष्काचा डावा भाग दुखावला आहे; उजवे अंगही तीच बाजू चालवते. लहानपणापासून पाठ असलेले शब्द वेगळ्या वाटेने येऊ शकतात, म्हणून दुआ येते. हा राग नाही. आणि बहुतेक त्यांना सगळे कळते आहे.

चाचांना पटेना. तेव्हा बाईंनी अब्बांचा डावा हात हातात घेतला. हो असेल तर एकदा दाबायचा, नाही असेल तर दोनदा. तुम्ही तांडेल आहात? एकदा. तुमची होडी लोखंडाची आहे? दोनदा, आणि अब्बांच्या चेहऱ्यावर आमच्या ओळखीची चीड. चाचांची मान खाली गेली.

मग बाईंनी विचारले, “रेहानाने शाळा सोडावी?”

अब्बांनी दोनदा हात दाबला. मग पुन्हा दोनदा. बाईंचा हात ते सोडेचनात. दुसऱ्या दिवशी मला शाळेत सोडायला चाचाच आले.

त्यानंतर दर गुरुवारी बाई येत राहिल्या. दुआच्याच चालीवर एकेक शब्द जोडत त्यांनी अब्बांकडून “पाणी”, “होडी” म्हणवून घेतले. “रेहाना” यायला वर्ष लागले. आज रत्नागिरीत मी पक्षाघाताच्या रुग्णांना व्यायाम शिकवते. खाटेशेजारी कोणी रुग्णाविषयी परस्पर बोलू लागले की माझा आवाज चढतो. तो तांडेलाचा आहे.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. लांज्याच्या घरी पायऱ्या उतरताना माझा हात धरतात आणि म्हणतात, अनुमस्तिष्क हल्ली रजेवर असते. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असे त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात सगळेच लिहितील. मी माझ्या वाट्याच्या भागापुरती दुआ मागते: बाईंच्या अंगठ्याएवढ्या गोळ्या, तू असाच जागा राहा. एकही श्वास विसरू नकोस.