तहकूब सभेची गर्दी

गावाचा कारभार लोकांनी चालवायचा असतो, असं मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. लोकांवाचून तो कसा चालवायचा, ही विद्या काटोलकडच्या एका गावात ग्रामसेवक म्हणून गेल्यावर मिळाली.

युक्ती सोपी. ग्रामसभेला पुरेशी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग कितीही माणसं चालतात. म्हणून पहिली सभा आम्ही ऐन संत्रातोडीत, भर दुपारी ठेवायचो. कुत्रंही फिरकत नसे. चहा घ्यायचा, सभा तहकूब. दुसऱ्या सभेला सरपंच, त्यांचे चार सोयरे आणि मी. सगळे ठराव एकमताने! ना भांडण, ना तंटा. मला तर बाप्पा, त्याचा अभिमान वाटायचा.

त्या वर्षी दोनातलं एकच काम होणार होतं: वेशीवर स्वागत कमान किंवा टोकाच्या बौद्ध वस्तीला नळ. वस्तीतल्या बाया नाल्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत. सरपंचांचा जीव कमानीत. मी कमानीचा ठराव आदल्या दिवशीच लिहून ठेवला. तहकुबीची नोटीसही नियमाप्रमाणे फळ्यावर लावली. ती कोण वाचतं? वस्तीतल्या सुना वाचतात, हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नव्हतं.

तहकूब सभेच्या दिवशी पाहतो तर काय, अख्खी वस्ती दारात!

सरपंच तडकले, "काहून गा साहेब, इतके लोक चालते काय?"

"चालते जी. कितीही चालते," मी म्हणालो. घ्या! माझीच युक्ती माझ्याच गळ्यात. भराभर हात वर झाले, नळ मंजूर झाला, आणि लिहिलेली कमान मला मुकाट्याने खोडावी लागली.

सगळे गेल्यावर एक म्हातारी मागे थांबली.

"साहेब, इतके वर्षं सभेची दवंडी आमच्याकडं काहून नाही आली जी?"

रजिस्टरमध्ये 'संपूर्ण गावात दवंडी दिली' असं दर वेळी लिहिलेलं होतं, खाली माझी सही. ते दाखवून सुटता आलं असतं. पण हंड्याखाली चुंबळ ठेवून ठेवून तिच्या डोक्यावरचे केस विरळ झालेले दिसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दवंडीवाल्याले वस्तीत जाऊ नको म्हणून मीच सांगत होतो, बाई."

"माईत हाय जी," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून आयकाचं होतं."