शिवीच्या जागी गुलाब

आमच्या मिस्त्रींच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा अर्धा जन्म खालच्या खड्ड्यात जातो आणि अर्धा गच्चीवरच्या मशीन रूममध्ये. वरून खाली बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि ओरडायचंच आहे तर मिस्त्री साधं कशाला ओरडतील? पाना निसटला की पान्याच्या आईचा उद्धार. दोर घासलेला दिसला की दोर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या. बंद पडलेली लिफ्ट निव्वळ लाजेने चालू होते, असं आमचा वेल्डर म्हणायचा. माणसांनाही तोच प्रसाद. ज्याला आठवडाभर शिवी मिळाली नाही त्याने समजावं, मिस्त्रींचं आपल्याकडे लक्ष नाही.

घरी मात्र हाच माणूस गोगलगाय. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा काकू त्यांना भाजी आणायला विसरल्याबद्दल चांगलं झापत होत्या, आणि हे आपले "हो गं, हो गं" करत पिशवी शोधत होते.

मी आधी ह्याच कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायचे. लिफ्ट अडकलीय, लिफ्ट अडकलीय, ऐकून ऐकून कान किटले. म्हटलं, ऐकत बसण्यापेक्षा जाऊन सोडवलेली बरी. कोर्स केला, परीक्षा दिली, हात धुवून साहेबांच्या मागे लागले आणि एकदाची हातात पाना घेऊन बाहेर पडले. माझ्याआधी त्या कामावर बाई नव्हती. घरचे म्हणाले, महिनाभर टिकलीस तर बघू. आता माझ्यासारखीला असं डिवचायचं म्हणजे काय, मी तिथेच ठरवलं की टिकायचंच.

कामावरच्या लोकांचा फोनवर एक ग्रुप होता. कुठे काय बिघडलंय, कोणी काय दुरुस्त केलं, कुठे जपायचं, सगळं त्यावर. मला त्यात घेतलं आणि तासाभरात ग्रुपची शाळा झाली. "ताईंचे स्वागत आहे," असं मिस्त्रींनी लिहिलं. दुपारी त्यांचाच दुसरा मेसेज: त्या अमक्या मोटरचा पट्टा पुन्हा तुटला. मी अमक्या म्हटलं तिथे, म्हणजे शिवीच्या जागी, चक्क गुलाबाचं फूल! मला इतकं हसू आलं की बसमधल्या बाजूच्या बाई सरकून बसल्या. पुढे पुढे मला हिशोब कळायला लागला. साध्या वैतागाला एक गुलाब, आई-बहिणीवर गेलं की दोन, आणि साहेबांसाठी अख्खा गुच्छ. बाकीच्यांनीही अक्कल लढवली. कोणी चांदण्या टाकायचा, कोणी टिंबं. वेल्डर तर सरळ लिहायचा, "तो अपशब्द वॉचमन किल्ली देत नाही." मिस्त्रींना सगळे मागे गुलाब मिस्त्री म्हणायला लागले. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यावर त्यांनी काय ऐकवलं असेल ते मी नसतानाच ऐकवलं.

पण हसू फार दिवस टिकलं नाही. ग्रुपवर मेसेज कमी कमी होत गेले. एकदा सगळे चहाला बसलो होतो, सगळ्यांचे फोन एकदम वाजले, सगळे एकदम हसले, आणि माझा फोन आपला गप्प. मी काय ते समजले. ह्यांनी दुसरा ग्रुप काढला होता, "मोकळी हवा" नावाचा. जिथे मोकळेपणाने बोलता येतं तिथेच कामाचं बोलणं होणार ना! माझ्या वाट्याला उरले सुप्रभात आणि गुलाब. मान खूप मिळत होता, पण काम शिकायला मिळत नव्हतं. मला मनातून फार वाईट वाटलं. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मग ती सकाळ. एका जुन्या इमारतीतून तक्रार आली, लिफ्ट बंद आहे, आणि साहेबांनी मला पाठवलं. मी एकेक मजला तपासत चढले. केबिन ज्या मजल्यावर नसेल तिथलं बाहेरचं दार लॉकमुळे उघडता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तिसऱ्या मजल्यावर मी दाराला हात लावला न लावला तोच ते सताड उघडलं. समोर केबिन नव्हती. खाली काळोख होता. माझा एक पाय हवेत आणि एक हात चौकटीवर. तो हात होता म्हणून आज हे सांगतेय. दार ओढताना एक हात चौकटीला ठेवायचा, हे मला मिस्त्रींनीच शिकवलं होतं. मी मागे सरकले, दार दोरीने घट्ट बांधलं आणि जिन्यात बसले. तिथूनच मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री आले ते धापा टाकतच. आदल्या संध्याकाळी ते बिघडलेलं दार त्यांनाच सापडलं होतं. त्यांनी लिफ्ट बंद केली, दाराला तार गुंडाळली, पाटी लावली. तार आणि पाटी रात्रीत कोणीतरी काढून टाकली. आणि त्यांनी ग्रुपवर लिहिलंही होतं. फक्त दुसऱ्या ग्रुपवर. दार बघून डोकं इतकं फिरलं होतं की जे लिहिलं ते गुलाबांत मावेना. ताईंसाठी सकाळी नीट शब्दांत लिहू, असं त्यांनी ठरवलं, आणि सकाळी राहून गेलं.

"चूक झाली, ताई," ते खाली बघत म्हणाले. "तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा, अख्खा जिना ऐकेल अशी, पुरी शिवी. टिंब नाही, चांदणी नाही. दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि लगेच बंद झालं.

मिस्त्री रागावले नाहीत. माझ्या खालच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळले. मग हळूहळू सांगायला लागले. त्यांची मुलगी एका कारखान्यात लागली होती, यंत्रावर. हात बापाचा, चांगलं शिकत होती. तिथल्या माणसांच्या तोंडाला कंटाळली आणि घरी बसली, ती पुन्हा पाना हातात घ्यायला तयार नाही. तिथे कसं बोलायचे, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही बोलता तसंच.

"म्हणून तुम्ही आलात तेव्हा म्हटलं, निदान ही तरी राहू दे," मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. मी त्यांना कधी काका म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी म्हटलं.

"काका, मला तोंडाची भीती नाही वाटत. मला न सांगितलेल्या दाराची वाटते. मला तुमच्यातली धरा."

त्यांनी तिथेच फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि मला दुसऱ्या ग्रुपमध्ये घेतलं. मग आम्ही दोघांनी मिळून त्या दाराचं लॉक बदललं. मी काम करत होते आणि ते बाजूला उभे राहून हत्यारं देत होते, पण एकही शिवी नाही. गप्प मिस्त्री मला बघवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये होते तेव्हा फोन वाजला. "मोकळी हवा"वर मिस्त्रींनी भलामोठा मेसेज टाकला होता. शहरभर कुठलं दार, कुठला दोर, कुठली मोटर, सगळं जिथल्या तिथे, त्यांच्या अस्सल भाषेत, एकाही फुलाशिवाय. आणि शेवटची ओळ माझ्यासाठी. त्यात ताई नव्हतं, तुम्ही नव्हतं. कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय खड्ड्यात उतरलीस तर याद राख, असं लिहून पुढे त्यांनी मला एक शिवी घातली होती. ती वाचून मी भर बसमध्ये हमसून हमसून रडले.

ती शिवी मी इथे लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. ती माझी आहे.